गव्हाणीतला हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत गाईच्या खुराकाची गोष्ट कशाला, असं कुणाच्या मनात येईल. नगर-पुण्याकडच्या मोठ्या गोठ्यातल्या गव्हाणीत डोकावून पाहा. तिथं तुमचाच माल आहे.

या गोठ्यात सकाळी पेंड, रात्री कडबा असं वेगवेगळं घालत नाहीत. मुरघास, कडब्याची कुट्टी, सरकी पेंड, मक्याचा भरडा, खनिज मिश्रण, मीठ, सगळं वजन करून यंत्रात कालवतात. गाईनं पेंड वेचून खावी आणि कडबा सोडावा, असं होऊ नये म्हणून. मापही ठरलेलं. पाणी वजा जाता, गाईच्या १०० किलो वजनामागे रोज ३ ते ३.५ किलो. म्हणजे ४५० किलोच्या गाईला साधारण १५ किलो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? गाईच्या पोटातले जिवाणू चारा आंबवतात. धाटाचा चोथा आंबून जे तयार होतं त्यातून दुधाचं फॅट बनतं. नुसता भरडा वाढवला तर पोट आंबट होतं, रवंथ कमी होतं, फॅट उतरतं. आणि डेअरी पैसे मोजते ते फॅट आणि एसएनएफ पाहून. म्हणजे कडबा हा केवळ पोट भरायचा पाला नव्हे. दुधाच्या भावात त्याचा हिस्सा आहे.

पण हा हिस्सा धरला कुणी? १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, धाट बुटकं झालं. उत्पादन मोजलं ते दाण्याचं. कडबा किती घटला ते कळलं मायबहिणींना, उन्हाळ्यात दावणीशी उभं राहिल्यावर.

कापसाचंही तेच. क्विंटलभर कापसात रुई निघते ३३ ते ३५ किलो. उरलेली बहुतेक सरकी. तेल काढलं की तिची पेंड होते. वायदेबाजारात सरकी पेंडीचे सौदे अकोल्याच्या भावावर होतात, आणि अकोल्याच्या शेतकऱ्याला पेंडीचा भाव कळतो तो पोतं विकत घेताना!

दूध उत्पादक आपला वैरी नाही. त्याच्या खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा चारा-खुराकाचाच असतो. दुधाला रास्त भाव मिळाला तर तो पेंडीलाही भाव देईल. पेंड पडली की सरकी पडते, सरकी पडली की कापूस पडतो. दूध स्वस्त ठेवण्याची किंमत अशी कोरडवाहू रानापर्यंत येते.

म्हणून तीन कामं करा. कापूस विकताना रुईबरोबर सरकीचाही भाव विचारा. कडबा शेकड्यावर न विकता वजनावर विका. आणि पावसानं ओढ दिली, दाणा भरण्याची आशा नसली, तर ज्वारी चिकात असताना कापून, दाबून, हवाबंद मुरघास करा. सुमारे ४५ दिवसांत तयार होतो. फुलोऱ्याआधीची, पाण्यावाचून सुकलेली ज्वारी मात्र जनावराला घालू नका. ती विषारी ठरते, जनावर दगावतं.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावचा सरकीचा, पेंडीचा आणि कडब्याचा भाव लिहून आणा. भाव मागायचा तर आपण काय काय विकतो, हे आधी आपल्याला ठाऊक पाहिजे.