संगणकाचे सामान आणि त्याची यादी

(वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



आपल्या सायखेड्यात कुणाकडे लग्न निघाले की भटारी आधी यादी देतो. नुसता तांदूळ आणून भागत नाही. मसाला, तेल, देग, सरपण सारेच हवे. एक जिन्नस राहिला की देग चुलीवर आणि माणूस बाजारात, अशी गत होते. संगणकाचेही तसेच आहे. एक प्रोग्रॅम चालायला दुसरे दहा भाग लागतात आणि त्या दहांना आणखी काही. यांना डिपेन्डन्सी म्हणतात.

मी एकदा घाईने कुठलीशी सुटी फाईल आणून बसवू लागलो. तिने दुसरी मागितली, दुसरीने तिसरी. शेवटी एक भाग जबरदस्तीने बदलला, तर आधीचा चांगला चालणारा प्रोग्रॅमही बंद पडला.

हा त्रास वाचवणारा कारभारी म्हणजे पॅकेज मॅनेजर. डेबियन ही मुक्त प्रणाली १९९३ साली सुरू झाली. १९९९ च्या आवृत्तीपासून 'ॲप्ट' हा कारभारी तिच्यासोबत येतो. 'ॲप्ट अपडेट' म्हटले की तो भांडारातून ताजी यादी आणतो. माल मात्र बदलत नाही. 'ॲप्ट इन्स्टॉल' म्हणून पुढे नाव दिले की लागणारे सारे भाग शोधतो, जागा किती लागेल ते सांगतो, होकार घेतो आणि मगच बसवतो. एक भाग दोघांना लागत असेल तर तो एकदाच आणतो. भांडाराच्या यादीवरील सहीही तपासतो, म्हणून वाटेत भेसळ झाली तर पकडली जाते. मध्येच वीज गेली तरी घाबरू नका. अर्धवट राहिलेले काम पुरे करण्याचा हुकूम 'डीपीकेजी'ला देता येतो.

पालकहो, आता तुमच्याशी दोन शब्द. पैसे नाहीत म्हणून मुलाला चोरीची प्रत बसवून देऊ नका. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क मारून शिक्षणाची सुरुवात कशी करावी? लिब्रेऑफिस कुणाचाही हक्क न मारता फुकट मिळते, आणि त्यात मराठी व उर्दू दोन्ही लिहिता येते.

विद्यार्थी मित्रहो, हुकूम इंग्रजीत टंकावे लागतात म्हणून मागे राहू नका. सिनॅप्टिक हा माऊसने चालणारा कारभारीही आहे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचा धडा आहे, आणि प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकता येतात. शाळेतील संगणकाला हात लावण्यापूर्वी मात्र गुरुजींची परवानगी घ्या, आणि होकार देण्याआधी पडद्यावरची यादी पूर्ण वाचा.

खुदा हाफिज.