लाइन कोण जोडतं?

(गणेशोत्सवातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आरती झाली, प्रसाद व्हायचाय. मधे आम्हाला उभं केलंय, तेव्हा आटोपतं घेतो. आम्ही पडलो सरकारी नोकर, त्यात डिप्लोमावाले. विषयही वकुबाचाच घेतलाय: एका तारेवरचा आवाज दुसऱ्या नेमक्या तारेवर कसा जातो?

आमचे आजोबा वारले तेव्हा घरी फोन नव्हता. बाबांनी शेजारच्या वकिलांकडून पुण्याच्या आत्याला ट्रंक कॉल बुक केला. सकाळचा कॉल लागला दिवेलागणीला. तोवर सगळं उरकलं होतं. आत्याला वडिलांचं शेवटचं दर्शन काही झालं नाही.

गंमत बघा, ऑपरेटरला पर्याय शोधणारा माणूसही मयतीच्याच धंद्यातला. अमेरिकेत कॅन्सस सिटीचा आल्मन स्ट्रॉजर अंत्यविधीची व्यवस्था करी. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. 1891 साली त्याने पेटंट मिळवलं आणि 1892 साली इंडियानातल्या ला पोर्ट गावी त्याचं एक्स्चेंज सुरू झालं.

त्या पद्धतीचा सिलेक्टर आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिलाय. नंबराच्या शेवटी 47 असेल, तर 4 फिरवल्यावर विजेचे चार झटके येतात आणि दांडा चार पायऱ्या चढतो. मग 7 फिरवला की सात घरं आडवा सरकतो. दहा ओळी, ओळीत दहा घरं, म्हणजे शंभर फोन. खडखडाट मात्र गिरणीसारखा, आणि धूळ बसली की दुखणं सुरू.

पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. यात दांडा नाही, काही हलतच नाही. बोलण्याचे सेकंदाला 8000 नमुने घेऊन प्रत्येकाचा आकडा करतात. एका तारेवर 32 डब्यांची गाडी धावते असं समजा, सेकंदाला 8000 खेपा. तुमचा आकडा तिसऱ्या डब्यातून आला, तो मेमरीत ठेवायचा आणि सतराव्या डब्याची पाळी आली की त्यात भरायचा. झाली लाइन जोडून! समोरच्याचं बोलणं असंच उलट येतं. सरांनी आम्हाला हे तीनदा सांगितलं, चौथ्यांदा डोक्यात शिरलं.

असं देशी बनावटीचं, 128 पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज सी-डॉटने 1986 साली पहिल्यांदा बसवलं ते कुठे? आपल्या बेळगाव जिल्ह्यात, राणी चन्नम्मांच्या कित्तूरला! सी-डॉटचा जन्म 1984 चा, म्हणजे दोनच वर्षांत. आमच्या मते त्याची खरी करामत म्हणजे त्याला एसी लागत नव्हता. खेड्यात एसी कुठला, वीज टिकली तरी पुष्कळ.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ निघाला, तेव्हा बाबांनी पहिला फोन आत्यालाच लावला. नंबर स्वतः फिरवला. लगेच लागला. दोघांनाही बोलणं सुचेना. आम्ही आपले मीटरकडे बघत उभे.