स्नेहमेळाव्यात कोण येत नाही?



शनिवार-रविवार गाठून जुने वर्गमित्र मुंबईत जमतात, महंमद अली रोडवर एकत्र जेवतात, गुरुजींच्या आठवणी काढतात. रीत चांगली आहे. परंतु तेथे कोण येत नाही, हेही पाहावे. आठवीनंतर ज्याची शाळा सुटली, त्याला बहुधा बोलावणेच जात नाही. गेले तरी त्याला संकोच वाटतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. खरी अडचण त्यापुढे, नववी-दहावीत येते.

1874 साली बद्रुद्दीन तय्यबजी, नाखुदा महंमद अली रोगे आदी मंडळी याच मुंबईत एकत्र आली आणि अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. आपल्या मेळाव्यातून निदान एका मुलाची फी व पुस्तके तरी निघावीत.

पालकहो, दहावीपूर्वी मुलाला कामाला लावू नका. विद्यार्थी मित्रहो, बाकावरचा सोबती चार दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जा. वीस वर्षांनी तुम्ही जमाल, तेव्हा तोही तुमच्या पंगतीला असावा, एवढीच दुआ.