गुंडाळलेलं पाल आणि हमरस्त्याचा वारा

मी शिरूर अनंतपाळचा. ताडपत्र्या आणि पालं शिवतो. त्याआधी वीसेक वर्षं खेळण्या-बांगड्यांचं दुकान घेऊन जत्रेजत्रेनं फिरलो. आमच्या वडिलांचं दुकान बैलगाडीत असायचं, माझं टेंपोत. वडील पाल घडी करून गाडीत टाकायचे, त्यावर बांगड्यांची पेटी ठेवायचे आणि बैल हाकायचे. बैलाच्या चालीला वारा लागत नाही. टेंपो ताशी 80 किलोमीटरनं पळायला लागला, तेव्हा त्याच कापडाकडं वेगळ्या नजरेनं बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमच्या भागातल्या जत्रांचा एक फेरा असतो. येळवशीच्या सुमाराला, म्हणजे वेळ अमावस्येला, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा. 26 जानेवारीच्या सुमाराला आमच्याच तालुक्यात उजेडला जत्रा भरते, आणि ती भरते महात्मा गांधींच्या नावानं. मग महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वर. दुकानदार एका ठिकाणचं पाल मोडतो आणि दुसऱ्या ठिकाणी ठोकतो. मधल्या वेळात ते पाल रस्त्यावर असतं. हल्ली पुष्कळांच्या टेंपोलाच बाजूनं छपरी बसवलेली असते. लोखंडी दांड्यांवर ताणलेलं कापड. गिऱ्हाइकाला सावली हवी तेव्हा बाहेर काढायची, निघताना गुंडाळून टेंपोच्या कडेला बांधायची. वडापावच्या गाड्या, रसवंत्या, कपड्यांचे टेंपो, सगळीकडं आता ही छपरी दिसते.

ही चूक मला भोवली, ती रात्र माळेगावची होती. यात्रेचा शेवटचा दिवस. दुकान मोडायला मध्यरात्र उलटली. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, हातात बॅटरी, लवकर निघायची घाई. पहाटे चारच्या सुमाराला पाल गुंडाळून टपावर टाकलं. दव पडलं होतं. दोरी सुती होती आणि दवानं भिजलेली. ओढून बांधली, वर हात फिरवून पाहिला, तर तारेसारखी ताठ लागली. समाधान वाटलं.

अहमदपूर सोडलं. शिरूर ताजबंद मागं पडलं. ते शिरूर वेगळं आणि आमचं वेगळं, बाहेरची माणसं अजून गफलत करतात. ऊन वर आलं. चाकूरच्या अलीकडं टपावर फट् फट् असा आवाज यायला लागला. मला तो ऐकू येत होता. पुढच्या ढाब्यावर थांबून बघू, असं मी मनाशी म्हटलं. थोड्या वेळानं आवाज एकदम बंद झाला. आरशात पाहिलं, तर मागं रस्त्यावर पाल पसरलेलं आणि त्यात एक मोटारसायकल अडकून पडलेली.

नवरा-बायको आणि लहान लेकरू. बाईच्या कोपराची कातडी सोलली होती, लेकरू तिच्या पदरात रडत होतं, त्याला काही लागलं नव्हतं. मागून दुसरी गाडी आली नाही, म्हणून ते तिघं वाचले. तो माणूस मला एक शब्द वावगा बोलला नाही. तो उठला आणि पाल रस्त्यातून बाजूला ओढायला त्यानंच आधी हात लावला. मी त्यांना दवाखान्यात नेलं. मलमपट्टी झाली. पण त्याचा तो पालाला लावलेला हात मी विसरू शकलेलो नाही.

परत येऊन दोरी उचलून पाहिली. तुटली नव्हती. गाठही सुटली नव्हती, जशीच्या तशी होती. दोरी फक्त सैल पडली होती. सुती दोरी भिजली की तिचे धागे फुगतात आणि लांबीला ती आखडते. उन्हात वाळली की पुन्हा मूळ लांबीवर येते. पहाटे दवात बांधलेली ताठ दोरी दहा वाजता सैल पडणारच. वडिलांना हे ठाऊक असणार, कारण दवात ते नेहमी कोरड्या दोरीचं वेटोळं घरून घेऊन निघायचे. मी कधी विचारलं नाही.

नायलॉनची दोरी याच्या उलट. ती भिजली की लांबते. शिवाय गुळगुळीत असते, म्हणून एका साध्या गाठीवर तिचा भरवसा धरू नये. गाठ मारल्यावर उरलेल्या शेवाचे आणखी दोन वेढे देऊन वर निरगाठ मारावी. आणि प्लास्टिकची जी स्वस्त दोरी मिळते, ती उन्हानं कुजते. दोन बोटांत धरून वाकवा. पांढरी भुकटी हाताला लागली, तर ती दोरी शेळी बांधायलासुद्धा घेऊ नका. आता पट्टे मिळतात, लोखंडी खटक्यानं आवळायचे. दोन पट्टे घेतले तर महागात पडत नाहीत. टेंपोच्या टायरवर आपण खर्च करतोच की.

आता वाऱ्याचं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी 40 किलोमीटरला एक चौरस मीटर उघड्या कापडावर साधारण साडेसात किलोचा रेटा येतो. 80 ला तोच 30 किलो होतो. दहा फूट बाय सहा फुटांची छपरी धावत्या गाडीत उघडली आणि वाऱ्याला आडवी झाली, तर दीडशे किलोच्या वर ओढ बसते. म्हणजे 50 किलोची तीन पोती त्या दांड्याला एकदम लटकली असं समजा. त्यात समोरून ताशी 20 चा वारा असेल, तर गाडी 80 नं पळत असली तरी कापडाला 100 चा वारा लागतो. टपावर आणखी एक गोष्ट घडते. टपावरून वारा जोरात सरकतो, तिथला दाब कमी होतो आणि कापड वर खेचलं जातं. म्हणून पालाचे नुसते चार कोपरे बांधून भागत नाही. दोरी कापडाच्या अंगावरून, आडवी, दोन-तीन ठिकाणी जायला हवी. आणि समोरून एखादी एसटी किंवा ट्रक जवळून गेला की आधी धक्का बसतो आणि लगेच ओढ बसते. सैल कापडाला तेवढं पुरतं.

माझ्याकडं फाटलेलं पाल शिवायला आलं की मी फाटलेली जागा नंतर बघतो, आधी कडेचे पितळी आयलेट बघतो. नवीन आयलेट गोल असतो. फडफड सहन केलेला आयलेट लांबट होतो, भोवतालचं कापड विरतं, आणि एके दिवशी तो कापडातून निसटून दोरीवरच लटकत राहतो. पाल फाटतं ते नंतर. बहुतेक वेळा सुरुवात पुढच्या कडेला झालेली दिसते, ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणून माझं सांगणं एवढंच, की पुढची कड आधी जपा.

आपल्या घराची कौलं आठवा. वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. पालाचं तसंच करायचं. दोन ताडपत्र्या असतील, तर आधी मागची टाकायची आणि पुढची तिच्यावर चढवायची, म्हणजे वारा वरून सरकून जातो. उलटं केलं तर पुढून येणारा वारा थेट जोडात घुसतो आणि ताडपत्रीचं पोट फुगतं. गुंडाळी बांधताना तिचं तोंड मागं आणि खाली असावं. लातूरच्या आडत बाजाराला सोयाबीन घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरसुद्धा मला निम्म्या ताडपत्र्या उलट्या चढलेल्या दिसतात. शेतकरी पावसाचा विचार करून टाकतो, वाऱ्याचा करत नाही.

छपरीच्या दांड्यांचं वेगळं आहे. कापड बांधलं तरी दांडे मोकळे राहतात. दांड्याच्या बिजागरीला जी पिन असते, ती रस्त्याच्या हादऱ्यानं हळूहळू वर येते. तिला खालून तारेची आकडी घाला, म्हणजे ती निघणार नाही. आणि दांडा एका बिजागरीच्या भरवशावर सोडू नका, मध्यभागी एक पट्टा टेंपोच्या अंगाला आवळा. आपल्याकडं गाडी डाव्या बाजूनं चालते आणि छपरी बहुतेकांची डावीकडं असते. तिकडंच बाभळीच्या फांद्या रस्त्यावर आलेल्या असतात. इंचभर बाहेर आलेल्या कापडाला एक फांदी बस्स होते.

2021 मध्ये महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. राहायची सोय असलेल्या त्या गाड्यांनाही बाजूला अशीच गुंडाळायची छपरी असते, तिला ऑनिंग म्हणतात. अमेरिकेत आणि युरोपात अशा घरगाड्या पुष्कळ. तिथंही निघण्याआधी कापड गुंडाळायच्या नळीचा खटका बसला का, दांडे अडकले का, हे बघावं लागतं, आणि जुनी झालेली छपरी वरून पट्ट्यानं बांधावी लागते. गाडी लाखोंची असो की आमचा टेंपो, वाऱ्याला तो फरक कळत नाही.

कायद्याचंही सांगतो. 2019 साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात गाडीच्या अंगाबाहेर माल आला तर 20 हजार रुपये दंड आहे, आणि तो माल उतरवायचा खर्चही आपल्यावरच. मागं लाल फडकं बांधलं म्हणजे सुटका झाली, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही.

माझी आता एकच सवय आहे. निघाल्यावर दहा किलोमीटरवर गाडी थांबवतो. खाली उतरतो, प्रत्येक दोरी हातानं दाबून बघतो. कापड दबतं, गुंडाळी बसते, ढिल पडते, ती या पहिल्या दहा किलोमीटरमध्येच. मग ऊन चढल्यावर एकदा, आणि टपावर आवाज आला तर त्याच क्षणी, जिथं असेन तिथं, गाडी रस्त्याच्या खाली घेऊन. पुढच्या ढाब्यापर्यंत नाही. आणि जत्रेच्या शेवटच्या रात्री शक्यतो निघत नाही. दुकान मोडायचं, पालाखालीच चार तास झोपायचं, उजेड पडला की बांधायचं. जाग्या डोळ्यांनी बांधलेली दोरी आणि झोपेत बांधलेली दोरी, दोन्ही मी बांधल्यात.

उजेडची जत्रा उठली की टेंपो एकामागून एक निघतात. कोणी लातूर-उदगीर रस्त्याकडं वळतं, कोणी निलंग्याकडं. शिरूरवरून जाणार असाल, तर दुकानापुढं जरा थांबा. एक आयलेट बदलायला मला दहा मिनिटं लागतात. कोरडी दोरी कोपऱ्यात टांगलेली असते, लागेल तेवढी कापून घ्या.