एका ग्रंथीच्या नावाची कुळकथा

इ. स. १६५८ च्या अखेरीस फ्रांस्वा बर्नियर नावाचा एक फ्रेंच वैद्य सुरतेच्या बंदरात उतरला. मराठी वाचकाला हा गृहस्थ ठाऊक असतो तो बहुधा इतिहासाच्या पुस्तकांतून. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा कापुचिन पंथाच्या फादर अँब्रोज ह्यांच्या निवासाला धक्का लागला नाही, ही हकिकत त्याने लिहून ठेवली आहे. परंतु बर्नियर हा वैद्यकाचा पदवीधर होता, आणि युरोपातील अगदी ताजे शरीरशास्त्र तो आपल्याबरोबर ह्या देशात घेऊन आला होता. सुरतेहून तो उत्तरेकडे गेला व औरंगजेबाच्या दरबारातील दानिशमंद खान ह्या विद्वान अमिराच्या पदरी राहिला. रक्ताभिसरण समजावून देण्यासाठी त्याने खानासमोर शेळ्यामेंढ्या चिरून दाखविल्या. ते पाहून पंडितमंडळी भयाने पळून गेली, असे तो सांगतो. त्याचा मुख्य उद्योग मात्र भाषांतराचा होता. पाच-सहा वर्षे तो गासेंदी आणि देकार्त ह्या दोन फ्रेंच तत्त्वज्ञांचे विचार खानासाठी फारशीत उतरवीत होता.

ह्यांपैकी देकार्तच्या तत्त्वज्ञानात मेंदूतील एका इवल्याशा ग्रंथीला मोठा मान आहे. १६४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने आत्म्याचे प्रमुख आसन तिच्यातच कल्पिले. त्याची विचारसरणी ऐकण्यासारखी आहे. डोळे दोन, कान दोन, मेंदूचे बहुतेक भागही जोडीजोडीने. तरी मनुष्याला एका वेळी एकच वस्तू दिसते व एकच विचार सुचतो. तेव्हा ह्या जोड्या जेथे एक होतात असे एखादे एकटे स्थान असलेच पाहिजे. मेंदूच्या मध्यभागी अशी एकटी ग्रंथी त्याला सापडली. तीच पिनियल ग्रंथी.

पण हे नाव देकार्तचे नव्हे; ते त्याच्याहून कितीतरी जुने आहे. दुसऱ्या शतकात गेलेन ह्या ग्रीक वैद्याने ह्या ग्रंथीचे वर्णन केले, तेव्हा तिला 'कोनारियोन' म्हणत असत. चीड जातीच्या वृक्षाच्या फळाला ग्रीक भाषेत 'कोनोस' म्हणतात, आणि त्या फळातील बीसारखा ह्या ग्रंथीचा आकार, एवढाच त्या नावाचा अर्थ. लॅटिनमध्ये त्याच वृक्षावरून 'पिनियालिस' झाले. अरबी व फारशी वैद्यकानेही तोच वृक्ष उचलला. तेथे तिला 'सनोबरी' ग्रंथी म्हणतात. उर्दू कवितेतील डौलदार सनोबर तो हाच. इतकेच काय, ग्रंथीसाठी असलेला लॅटिन शब्द 'ग्लांडुला' म्हणजेही ओक वृक्षाचे छोटे फळ. आपल्याकडे मात्र झाडाऐवजी दोरा आला. 'ग्रंथी' म्हणजे गाठ, आणि पाने ओवून केलेला 'ग्रंथ' हा तिचा सख्खा भाऊ.

देकार्तचे मत फार दिवस टिकले नाही. ही ग्रंथी इकडेतिकडे झुकते व त्यामुळे शरीराला चालना मिळते, असे तो मानीत असे. १६६५ मध्ये पॅरिस येथे मेल्शिसेदेक थेवनो ह्याच्या घरी निल्स स्टेनो ह्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने मेंदूवर व्याख्यान दिले. ग्रंथी आजूबाजूच्या भागांशी घट्ट जोडलेली आहे, तिला असे हलताच येणार नाही, हे त्याने स्पष्ट केले. (हाच स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाला; आत्म्याविषयी त्याला अनास्था होती असे कोणी म्हणू नये.) योगायोग असा, की ह्याच थेवनोचा पुतण्या, प्रवासी जाँ द थेवनो, १६६६ च्या जानेवारीत सुरतेस येऊन पोचला.

सिद्धान्त कोसळला, नाव राहिले. राहिले ह्याचे कारण, ते नुसत्या आकारावरून दिलेले होते. त्याने कोणत्याही मताची जामीनकी पत्करली नव्हती. शेजारच्या पिट्यूटरी ग्रंथीचे तसे झाले नाही. 'पिट्यूइटा' म्हणजे कफ. मेंदूतील कफ ह्या ग्रंथीतून नाकाकडे उतरतो, अशी प्राचीनांची समजूत. १५४३ मध्ये व्हेसेलियसनेही तिला कफ घेणारी ग्रंथी म्हटले. समजूत खोटी ठरून शतके लोटली, तरी बिचारी ग्रंथी कफाचेच नाव वागवीत आहे. मराठीत तिला 'पोष ग्रंथी' किंवा 'पीयूषिका' म्हणतात. पीयूष म्हणजे व्यालेल्या गाईचे पहिले दूध, ज्याचा खरवस होतो, त्यावरून अमृत. ध्वनी जवळचा साधला आणि कफाचे अमृत झाले, ही भाषांतरकारांची मोठीच किमया म्हटली पाहिजे.

पिनियलला मराठीत 'तृतीय नेत्र' असे नाव दिलेले आढळते, आणि खरी अडचण येथे आहे. ह्या नावाला शास्त्रीय आधार नाही असे नव्हे. १८८६ मध्ये बाल्डविन स्पेन्सरने न्यूझीलंडमधील तुआतारा ह्या सरड्यासारख्या प्राण्याच्या डोक्यावरील तिसऱ्या डोळ्याचे सविस्तर वर्णन केले. आपली पिनियल ग्रंथी त्याच अवयवाच्या कुळातली आहे. परंतु मराठी विद्यार्थ्याने 'तृतीय नेत्र' हे शब्द ऐकताच त्याच्यापुढे तुआतारा उभा राहत नाही, भगवान शंकर उभे राहतात. मग ही ग्रंथी जागृत करून दिव्यदृष्टी मिळते, अशा भाकडकथांना शाळेच्या पुस्तकाचाच आधार मिळतो.

वास्तविक माणसाची ही ग्रंथी स्वतः काहीच पाहत नाही. डोळ्यावर पडलेल्या उजेडाची वार्ता मेंदूच्या तळाशी, तेथून पाठीच्या कण्यात, मानेतल्या मज्जागंडिकेत आणि पुन्हा वर, असा लांबचा वळसा घेऊन तिच्याकडे पोचते. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचा स्राव सोडते. त्यावरून शरीराला रात्र कळते. १९५८ मध्ये आरन लर्नर ह्यांनी तो स्राव वेगळा काढला. एवढेच तिचे काम, आणि ते कमी नाही.

म्हणून वर्गात 'पिनियल' हा शब्द देवनागरीत तसाच ठेवणे बरे. मुलांना त्याचा अर्थ हवाच असेल, तर सुरतेच्या सुक्या मेव्याच्या दुकानात चिलगोजे मिळतात; तेही चिडाच्याच एका जातीचे बी.