मडके वाजवून घ्या, पण कुंभारासमोर
(यात्रेपूर्वी गावच्या वाचनालयात दिलेले व्याख्यान)



यात्रा पंधरा दिवसांवर आली आहे. यंदा कोणता फड आणावा आणि कोणास किती सुपारी द्यावी याची चर्चा पारावर चालू आहे. पंचांनी आम्हांस सांगितले, "गुरुजी, करमणुकीवर चार शब्द बोला." आम्हांस ना गाता येते, ना नाचता. परंतु दुसऱ्याच्या कामाची पारख करून शेरा मारणे हा आमचा रोजचा धंदा आहे, आणि आमच्यावरही शेरे मारणारे वरती बसलेले आहेत. म्हणून आज आम्ही शेऱ्याविषयीच बोलणार आहोत. उदाहरण मात्र लांबचे, अमेरिकेतले, घेतो. आपले पाहताना माणूस चिडतो. दुसऱ्याचे पाहताना त्याला नीट दिसते.

त्या देशात सुमारे १८८० पासून १९३० पर्यंत वॉडेव्हिल नावाची करमणूक फार जोरात होती. एका बैठकीत आठ-नऊ निरनिराळे खेळ असत. कोणी गाणारा, कोणी कसरत करणारा, कोणी कुत्री-माकडे शिकवून आणलेला, कोणी जादूगार, कोणी दोघे मिळून हसवणारे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दर खेळ दहा-वीस मिनिटांचा. बी. एफ. कीथ नावाच्या गृहस्थाने १८८३ साली बोस्टन शहरात लहानशा जागेत सुरुवात केली आणि १८८५ पासून सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड खेळ चालविण्याची युक्ती काढली. पुढे एडवर्ड आल्बी या जोडीदाराच्या साह्याने त्याने शहराशहरांतून थिएटरांची साखळीच उभी केली.

आता इतक्या थिएटरांत दर आठवड्याला नवे खेळ पाठवायचे, तर कोणता खेळ चांगला आणि कोणता पडका हे मालकाला कळावे कसे? त्यासाठी ठरावीक पद्धत होती. सोमवारी नवे खेळ लागत. त्या दिवशी मॅनेजर स्वतः बसून प्रत्येक खेळ पाही आणि अहवाल लिही. खेळ कशाचा, किती मिनिटे चालला, रंगमंच पुरा लागला की पडद्यापुढची पट्टी पुरली, टाळ्या कितपत पडल्या, कोणते वाक्य गाळावयास सांगितले, हे सर्व त्यात असे. हे अहवाल मुख्य कचेरीत जात व साखळीतल्या इतर मॅनेजरांकडेही जात. १९०२ ते १९२३ या काळातली असली अहवालांची पुस्तके अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.

बंधूंनो, प्रथम त्या मॅनेजराच्या कसबाला मान देऊ. पारख ही खरी विद्या आहे. पडद्यापुढच्या पट्टीत एक जण गात असता मागे पुढच्या खेळाचे सामान लावले जाते. म्हणून कोणास किती जागा लागते हे लिहून ठेवावे लागे. खेळांचा क्रम लावणे हे तर सुताराच्या सांध्याइतके नाजूक काम. न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर १९१३ साली उघडले. तेथे खेळ लावणारे जॉर्ज गॉटलीब यांची रीत ब्रेट पेज यांनी १९१५ साली आपल्या पुस्तकात छापली आहे. पहिल्या नंबराला मुका खेळ, म्हणजे नाच किंवा जनावरांचा. कारण लोक उशिरा येतात, खुर्च्या वाजतात, बोललेले ऐकू जात नाही. मध्यंतराच्या आधी एक मोठा दणका. मध्यंतरानंतर लोक परत येऊन बसेपर्यंत सांभाळून नेणारा गडी. शेवटून दुसरा नंबर सर्वांत मानाचा. तेथे नामांकित हसविणारा. आणि अगदी शेवटी डोळ्यांना दिसेल असा खेळ, कारण लोक टोप्या शोधीत उठू लागलेले असतात.

यावरून ध्यानात घ्या की पहिल्या नंबरावर टाळी पडली नाही, तर ती खेळाची खोड असेलच असे नाही. ती रिकाम्या खुर्च्यांचीही असू शकते. चांगला पारखी हे ओळखतो, आणि खेळाची जागा बदलून पाहतो. वाईट पारखी "पडला" म्हणून मोकळा होतो.

आम्हांस हे अनुभवाने ठाऊक आहे. एकदा ऐन सुगीत एक तपासनीस साहेब शाळेत आले. निम्मी पोरे राखणीला आणि खळ्यावर गेलेली. साहेबांनी कारण विचारले नाही. शेरेबुकात "हजेरी असमाधानकारक" असे लिहून ते गेले. आमची वेतनवाढ वर्षभर अडली. पण शेरा आमच्या डोळ्यांसमोर होता. आम्ही त्याखाली लेखी उत्तर दिले, आणि पुढच्या साली आलेल्या साहेबांनी ते वाचले. वॉडेव्हिलच्या नटाला ही सोय कोठे होती? त्याचा अहवाल मालकांसाठी होता. पुढच्या गावी तो पेटी घेऊन उतरण्याआधी त्याचा शेरा तेथे पोहोचलेला असू शके, आणि त्यात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे. गाळावयाची वाक्ये निळ्या पाकिटातून हाती येत, असे त्या काळच्या नटांनी सांगून ठेवले आहे. तेवढे पाकीट त्याचे. बाकीचा कागद धन्याचा.

पारख चांगल्या मनाने केली तर काय होते तेही सांगतो. १८९९ साली मिनेसोटा प्रांतातील सेंट पॉल गावी एक तरुण जादूगार पत्त्यांचे खेळ करी, आणि बेड्यांतून सुटूनही दाखवी. मार्टिन बेक नावाच्या व्यवस्थापकाने त्याला पाहिले आणि सांगितले की इतर किरकोळ जादू सोड, बेड्यांतून सुटणे हेच धर. आठवड्याला ६० डॉलरवर त्याला काम दिले. तो तरुण म्हणजे पुढे जगभर गाजलेला हूडिनी. बेकनेही शेराच मारला. पण तो गड्याच्या तोंडावर मारला आणि सोबत वाट दाखविली.

आता ज्याच्या हाती शेरा त्याच्याच हाती भाकरी आली की काय होते ते पाहा. १९०६ पासून कीथ-आल्बींच्या युनायटेड बुकिंग ऑफिसने खेळ ठरविण्याचा जवळजवळ मक्ताच घेतला. कचेरी पगारातून शेकडा ५ कापी. शिवाय नटाचा आडत्या आणखी शेकडा ५ घेई. प्रतिस्पर्ध्याच्या थिएटरात काम केले की नाव काळ्या यादीत. आपल्या बाजारात पूर्वी आडत्ये रुमालाखाली बोटे दाबून मालाचा भाव करीत आणि माल पिकविणारा शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत राही, त्यातलाच हा प्रकार.

नटांनी १९०० साली व्हाइट रॅट्स नावाचा संघ काढला आणि १९०१ साली कमिशनविरुद्ध संप केला. आश्वासन मिळाले, ते टिकले नाही. १९१६-१७ साली पुन्हा झगडले आणि मोडले. मालकांनी स्वतःच्या मर्जीतला दुसरा संघ उभा केला होता. संघ का मोडला याची कारणे पुष्कळ, पण एक आपण पदरी बांधावे. आरंभी त्या संघात फक्त गोऱ्या पुरुषांना प्रवेश होता. बायका बाहेर, काळे लोक बाहेर. त्याच काळात बर्ट विल्यम्स हा मोठा विनोदी नट स्वतः काळ्या वंशाचा असूनही तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून रंगमंचावर येई. प्रेक्षकांना काळा माणूस तसाच पाहावयाची सवय लावलेली होती. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनीच आपल्याहून खालच्याला दाराबाहेर ठेवले. हे ऐकून कोणास आपल्या गावची आठवण झाली असेल तर ती खरीच आहे.

आणखी एक. मॅनेजर टाळी आणि हशा मोजी. हसे कोणाचे झाले हे तो मोजीत नसे. रसेल बंधू नावाचे दोघे नट आयरिश मोलकरणींचे सोंग घेऊन वर्षानुवर्षे लोकांस हसवीत. १९०७ साली न्यूयॉर्कात आयरिश लोकांनी थिएटरात जाऊन आरडाओरड केली. दुसऱ्याची भांडी घासणारी आमची आई-बहीण ही तुमच्या हसण्याची वस्तू नव्हे, असा त्याचा अर्थ होता. त्या सोंगाला तेव्हापासून उतरती कळा लागली. जो शेरा अहवालाच्या वहीत कोणी लिहिला नाही, तो खुर्चीवर बसलेल्यांनी लिहिला.

पुढे बोलपट आले. १९३२ साली पॅलेसही सिनेमाचे घर झाले. वॉडेव्हिल गेले, मालक गेले, वह्या राहिल्या. ज्यांच्याविषयी त्या लिहिल्या त्यांनी वाचल्या नाहीत. आज परके वाचतात.

मायबहिणींनो, तुम्ही बाजारात मडके घेताना टिचकी मारून वाजविता. कुंभार समोर बसलेला असतो. तो म्हणतो, "बाई, ओल्या हाताने वाजवू नका," किंवा "हे घ्या, दुसरे बघा." त्या टिचकीने त्याचा अपमान होत नाही, उलट पुढच्या भट्टीला तो शहाणा होतो. टिचकी हवीच. टिचकीशिवाय कच्चे मडके घरी येते आणि पाणी चुलीत जाते. पण मडके आड नेऊन वाजवायचे आणि चार गावांत कळवायचे की अमक्याचे मडके घेऊ नका, ही पारख नव्हे, हा घात आहे.

तेव्हा पंचांना आमची हात जोडून विनंती आहे. यंदा फड येईल तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्या. सुपारी ठरेल ती चारचौघांत ठरावी व बोलल्याप्रमाणे पुरी द्यावी. काही गाळावयाचे असेल तर फडाच्या मालकास बोलावून तोंडावर आणि आधी सांगावे. रंगात आल्यावर मागून चिठ्ठी पाठवू नये. रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या गर्दीपुढे उभ्या केलेल्या पोरीला "पडली" म्हणण्यापूर्वी तिला ती वेळ कोणी दिली हे विचारावे. आणि पुढच्या गावच्या पंचांनी आपले मत विचारले, तर फडाला जे तोंडावर सांगितले तेच त्यांनाही सांगावे, एक अक्षर कमी-जास्त नको.

हीच रीत शाळेत, चावडीवर, सोसायटीत आणि बाजारातही लागू करा. जो कोणी तुमच्या कामावर शेरा मारील त्याला नम्रपणे म्हणा, "साहेब, वाचून दाखवा, खाली सही करा, आणि आमचे उत्तरही लिहून घ्या." आमच्याविषयी तुमचा काही शेरा असेल, तर आम्ही येथेच उभे आहोत. आताच सांगावा.