पूरग्रस्तांचे हक्क आणि आपली विहारे
(वर्षावासातील सभेत केलेले भाषण)



वर्षावासाचे हे दिवस म्हणजे पुराचेही दिवस. म्हणून आज धम्मावर न बोलता कायद्यावर बोलण्याची मी आपली अनुज्ञा मागतो.

1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर पूज्य बाबासाहेबांनी पाण्यावरील आपला हक्क प्रस्थापित केला. त्याच महाडात जुलै 2021 मध्ये सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. पूर जात पाहून येत नाही असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. नदीकाठची सखल जागा कोणाच्या वाट्यास आली, हे आपण जाणता. पाणी ओसरल्यावर याद्या करावयास येणाऱ्यांविषयी तर तेवढेही म्हणवत नाही. 2001 चा गुजरातचा भूकंप आणि 2004 ची त्सुनामी यांनंतर दलितांना छावण्यांत वेगळे ठेवले, मदतीत डावलले, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे 61 वे कलम यासाठी पाठ करून ठेवा. मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेद करता येणार नाही, असे ते सांगते. नुकतीच दीक्षा घेतलेली कित्येक कुटुंबे मला भीतभीत विचारतात, "वकीलसाहेब, अर्जात बौद्ध लिहिले तर मदत जाईल काय?" जाणार नाही. निःशंकपणे बौद्ध लिहा.

काही स्वाभिमानी मंडळी म्हणतात, सरकारपुढे पदर का पसरावा? अहो, हा निधी कोणाच्या खिशातला नव्हे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के व राज्याचा 25 टक्के असतो, आणि साबणाची वडी विकत घेणारी मोलकरीणही त्यात कर भरीत असते.

आता पंचनाम्याकडे वळू. खरा घात तेथेच होतो. 2022 साली केंद्राने ठरविलेल्या निकषांप्रमाणे पूर्णतः पडलेल्या घरास, मग ते कच्चे का असेना, सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये. आणि झोपडीस 8,000 रुपये. आपल्या वस्तीतील मातीच्या भिंतींचे, कौलारू छपराचे घर तलाठ्याने घाईत 'झोपडी' म्हणून लिहिले, की एका शब्दाने 1,12,000 रुपये गेले! म्हणून पंचनामा वाचून घेतल्यावाचून सही वा अंगठा करू नका. ज्यास वाचता येत नाही त्याने मुलीस वाचावयास सांगावे. घरपट्टीची पावती, विजेचे देयक, पडक्या भिंतींची छायाचित्रे दाखवा. चूक राहिलीच, तर तहसीलदाराकडे लेखी हरकत द्या व पोच घ्या. पंचनाम्याची नक्कल माहितीच्या अधिकारात मागता येते. मात्र खोटा दावा कोणीही करू नये. त्याच कायद्याच्या 52 व्या कलमात त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पंचशीलातील चौथे शील आपण रोज म्हणतो.

शेवटी विहारासंबंधी. पूर आला की विहाराची दारे सर्वांस उघडी असावीत, जात न विचारता. ज्यांनी आपल्याला कधी ओसरीवर चढू दिले नाही त्यांनाही. परंतु आपल्या मजुरीच्या पैशांतून शंभर माणसे आठवडाभर जेवू घालणे आपल्याला झेपणारे नाही, व झेपावे अशी अपेक्षाही नाही. छावणीत आणलेल्या लोकांचा निवारा, अन्न, वस्त्र, औषध यांचा खर्च या निधीतून करण्याची तरतूद आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी तहसीलदारास अर्ज द्यावा, की आमच्या विहारात इतकी माणसे आश्रयास आली आहेत, हे अधिकृत निवारा केंद्र मानावे व शिधा पुरवावा. आलेल्याचे नाव, गाव, आल्या-गेल्याची तारीख एका वहीत लिहावी. धान्य, रॉकेल, औषधे यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. मागाहून केलेल्या तोंडी हिशेबास कचेरीत कोणी विचारीत नाही, हा माझा अनुभव आहे.

अशा अर्जाचा मसुदा मी आज येथे आणला आहे. प्रत्येक विहाराच्या चिटणीसाने एक प्रत घेऊन जावी, आणि वही या आठवड्यातच विकत आणावी.